माइनक्राफ्टमधला सूर्य अडकलाय? आधी आकडा बघा, मग आकाश

मध्यंतरी एकदा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. "मामा, आमच्या वर्ल्डमध्ये रात्र संपतच नाहीये. तीनदा झोपलो, उठलो की परत रात्रच." तोवर त्याने गेम बंद करून चालू केला होता, लॅपटॉप रीस्टार्ट केला होता, आणि कुठल्यातरी व्हिडिओत बघून दिवस आणायची कमांडही मारली होती. दिवस आला. पण मग सूर्य डोक्यावर जो थांबला तो हललाच नाही. म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

हा घोळ नव्या खेळाडूंना हमखास भेटतो, आणि बहुतेक वेळा गेम बिघडलेला नसतो. कुणीतरी, कधीतरी, काहीतरी चालू किंवा बंद केलेलं असतं. ते शोधायचं कसं, ते सांगतो. मी कॉम्प्युटरवरची जावा एडिशन धरून चाललोय. मोबाइल आणि कन्सोलवरच्या बेडरॉकसाठी पुढे वेगळं लिहिलंय.

एक सोय लक्षात ठेवा. कमांड्स मी इथे देवनागरीत लिहितोय, गेममध्ये मात्र त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. 'टी' दाबलं की चॅट उघडतं, तिरकी रेघ टाकली की कमांड सुरू होते. पुढचं स्पेलिंग आठवत नसेल तर दोन अक्षरं मारून टॅब दाबा, गेम स्वतःच नावं सुचवतो.

आधी हे घड्याळ चालतं कसं

माइनक्राफ्टचा एक पूर्ण दिवस म्हणजे आपली २० मिनिटं. गेम वेळ मोजतो टिकमध्ये. सेकंदाला २० टिक, म्हणून दिवसाला २४,००० टिक. शून्य म्हणजे सकाळचे सहा. ६,००० म्हणजे भर दुपारचे बारा, १२,००० ला संध्याकाळचे सहा, १८,००० ला मध्यरात्र. गेममधला एक तास म्हणजे १,००० टिक, म्हणजे आपले ५० सेकंद. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण आता आकडा दिसला की किती वाजलेत ते कळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. वेळ ठेवतो सर्व्हर, म्हणजे वर्ल्ड चालवणारा प्रोग्राम. तुम्ही एकटे खेळत असलात तरी गेमच्या पोटात एक छोटा सर्व्हर चालूच असतो. तुमच्या स्क्रीनवरचा सूर्य हे नुसतं चित्र आहे. सर्व्हर साधारण दर सेकंदाला 'आत्ता इतके वाजलेत' असा निरोप पाठवतो, मधल्या काळात स्क्रीन आपल्या अंदाजाने सूर्य पुढे सरकवत राहते. म्हणून बिघाड दोन ठिकाणी असू शकतो, घड्याळात किंवा चित्रात. नवे लोक आकाशाकडे बघत बसतात आणि तिथेच फसतात.

पहिली पायरी: कमांड चालतात का

तपासायचं तर कमांड लागणार. वर्ल्ड बनवताना चीट्सची परवानगी दिली नसेल तर गेम सरळ नकार देतो. एकट्याच्या वर्ल्डला जुना उपाय आहे: एस्केप दाबा, 'ओपन टू लॅन' निवडा, तिथे कमांड्सची परवानगी 'ऑन' करा आणि वर्ल्ड उघडा. ही परवानगी त्या बैठकीपुरतीच असते; वर्ल्ड बंद करून परत उघडलं की गेली. घरच्या वायफायवरच्या इतरांना तेवढ्या वेळात तुमचं वर्ल्ड दिसेल, त्याने काही बिघडत नाही.

मित्रांच्या सर्व्हरवर असाल तर तुम्हाला 'ऑप' (कमांड मारायची परवानगी असलेला खेळाडू) असावं लागतं. नसाल तर ज्याचा सर्व्हर आहे त्याला हा लेख वाचायला द्या. सर्व्हरच्या काळ्या कन्सोल खिडकीत टाइप करत असाल तर तिरकी रेघ लागत नाही.

आणि हो, काहीही करायच्या आधी वर्ल्डची एक कॉपी काढून ठेवा. सेव्ह्सच्या फोल्डरमध्ये वर्ल्डच्या नावाचं फोल्डर असतं, गेम बंद करून त्याची कॉपी दुसरीकडे ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी पायरी: दहा सेकंदांची परीक्षा

हीच खरी पायरी. चॅटमध्ये टाका:

/टाइम क्वेरी डेटाइम

एक आकडा येईल, समजा १३,४५०. आता फोनवर दहा सेकंद मोजा आणि तीच कमांड परत मारा. तब्येत ठीक असेल तर आकडा साधारण २०० ने वाढलेला असतो. मग असंच दुसऱ्या कमांडने करा:

/टाइम क्वेरी गेमटाइम

डेटाइम म्हणजे आत्ता किती वाजलेत. गेमटाइम म्हणजे हे वर्ल्ड जन्माला आल्यापासून एकूण किती टिक चाललं. दिवस-रात्र थांबवली तरी गेमटाइम पुढे जातच राहतो. घरातल्या घड्याळाचे काटे धरून ठेवले तरी विजेचा मीटर फिरतो, तसंच हे. या दोन आकड्यांवरून चार निदानं निघतात:

गेमटाइम वाढतोय, डेटाइम जागचा हलत नाही: दिवस-रात्रीच्या सायकलचा नियम बंद आहे.
डेटाइम वाढतो आणि परत मागे येतो: कुणीतरी वेळ पुन्हा पुन्हा सेट करतंय.
दोन्ही थांबलेत, किंवा २०० च्या जागी ९०-१०० नेच वाढतायत: गेमच गोठलाय किंवा हळू चाललाय.
दोन्ही मस्त चाललेत, आकाश मात्र चुकीचं: दोष तुमच्या स्क्रीनकडे आहे.

भाच्याला फोनवरच हे करायला लावलं. डेटाइम दोन्ही वेळा ६,०००. गेमटाइम धावत होता. म्हणजे पहिलं निदान, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे आलेल्या तक्रारींत बहुतेकदा तेच निघतं.

नियम बंद असेल तर

माइनक्राफ्टमध्ये 'गेमरूल' नावाच्या कळा असतात. त्यातली दिवस-रात्रीची कळ म्हणजे डू-डेलाइट-सायकल. टाइप करताना तिन्ही शब्द सलग जोडायचे, डेलाइट आणि सायकल यांची पहिली अक्षरं कॅपिटल. जावामध्ये छोटं-मोठं अक्षर चुकलं तर कमांड चालत नाही, नव्या मुलांचा इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

/गेमरूल डूडेलाइटसायकल

एवढंच मारलं तर आत्ताची स्थिती कळते. 'फॉल्स' आलं तर शेवटी एक जागा सोडून 'ट्रू' लिहून परत मारा. झालं. सूर्य त्याच क्षणी चालायला लागतो.

आवृत्ती १.२१.११ किंवा त्यानंतरची असेल तर हे नाव सापडणार नाही. तिथे सगळ्या नियमांची नावं बदलली, आणि हा नियम आता 'ॲडव्हान्स टाइम' झालाय, सगळी छोटी अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोर. जुन्या व्हिडिओतली कमांड लाल अक्षरांत नाकारली जाते त्याचं कारण हे. गेम खराब नाही, व्हिडिओ जुना आहे.

आता भाच्याचं 'तीनदा झोपलो' प्रकरण. पलंगावर झोपल्यावर गेम दोन वेगळी कामं करतो: वेळ सकाळवर नेतो आणि खेळाडूला उठवतो. सायकलचा नियम बंद असेल तर पहिलं काम गाळलं जातं, दुसरं मात्र होतंच. म्हणजे तुम्ही झोपता, स्क्रीन काळी होते, तुम्ही उठता, आणि बाहेर झॉम्बी तसाच दार बडवत असतो. हे लक्षण दिसलं की मी आकडा विचारायच्या आधीच नियम तपासायला सांगतो.

पण नियम बंद केला कुणी? बरंच उकरल्यावर कळलं: घर बांधताना अंधार नको म्हणून यानेच आठवड्यापूर्वी केला होता. मग कंदिलांचा स्क्रीनशॉट हवा म्हणून रात्र आणली, आणि रात्र तिथेच खिळली. "मी काहीच केलं नाही" हे वाक्य गेम दुरुस्त करताना कधीही प्रमाण मानू नये, विशेषतः ते मी स्वतः म्हणत असेन तर.

मोबाइल आणि कन्सोलवर

बेडरॉकमध्ये हे जास्त सोपं आहे. वर्ल्डच्या सेटिंगमध्ये चीट्सच्या भागात 'ऑलवेज डे' ही कळ असते, ती बंद करा. डेलाइट सायकलची कळ चालू करा. कुणी 'डे-लॉक' कमांड वापरून दिवस कुलूपबंद केला असेल तर '/डेलॉक फॉल्स' ने तो सुटतो. दहा सेकंदांची परीक्षा इथेही जशीच्या तशी चालते.

एक धोका आहे. बेडरॉकमध्ये चीट्स चालू केल्या की त्या वर्ल्डमध्ये अचीव्हमेंट्स मिळणं कायमचं बंद होतं, नंतर चीट्स बंद केल्या तरी. म्हणून ज्या वर्ल्डमध्ये चीट्स कधीच चालू नव्हत्या तिथे आधी वर्ल्डची कॉपी करा आणि प्रयोग कॉपीवर करा. तसंही, ज्या वर्ल्डमध्ये चीट्स कधी चालूच नव्हत्या तिथे नियम बंद असण्याची शक्यता कमीच.

सूर्य पुढे जातो आणि मागे उडी मारतो

याची दोन कारणं असतात आणि दोन्ही वरवर सारखीच दिसतात.

एक म्हणजे कमांड ब्लॉक. जांभळ्या रंगाचा 'रिपीट' कमांड ब्लॉक दर टिकला एकच कमांड मारत राहतो, म्हणजे सेकंदाला वीस वेळा. त्यात 'टाइम सेट डे' लिहिलेलं असेल तर डेटाइम १,००० च्या आसपास थरथरत राहतो. नियम 'ट्रू' असतो, सगळं ठीक दिसतं, तरी दुपार उजाडत नाही. मी स्वतः असा एक ब्लॉक जमिनीखाली पुरून ठेवला होता आणि साफ विसरलो होतो. गंमत अशी की गावापासून लांब गेलो की दिवस-रात्र नीट चालायची, परत आलो की अडकायची. कारण कमांड ब्लॉक त्याचा भाग मेमरीत लोड असेल तेव्हाच चालतो. 'इथे अडकतं, तिथे चालतं' असं लक्षण असेल तर सरळ कुदळ घ्या. आधी स्पॉनच्या (वर्ल्डमध्ये पहिल्यांदा उतरतो त्या जागेच्या) आसपास, मग फरशीखाली. ऑप असाल तर चॅटमध्ये किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये 'सेट द टाइम टू' अशा ओळींचा पाऊसही दिसतो.

वर्ल्ड दुसऱ्याकडून डाउनलोड केलेलं असेल तर डेटापॅकही (वर्ल्डसोबत येणारा, स्वतःच कमांड चालवू शकणारा फाइलींचा संच) हेच करू शकतो. '/डेटापॅक लिस्ट' मारा, एकेक पॅक बंद करा आणि प्रत्येक वेळी आकडा बघा. सगळे एकदम बंद केले तर गुन्हेगार कळणार नाही.

दुसरं कारण लॅग. सर्व्हर दमला की सेकंदाला २० ऐवजी समजा १० च टिक करतो. स्क्रीन मात्र वीसच्या हिशोबाने सूर्य ढकलत राहते. सेकंदभराने सर्व्हरचा खरा आकडा येतो आणि सूर्य थोडा मागे खेचला जातो. सेल संपत आलेल्या घड्याळाचा सेकंदकाटा अडतो आणि थरथरतो ना, तसाच दिसतो. या हिशोबाने गेममधला दिवस २० च्या जागी ४० मिनिटांचा होतो, आणि लोक म्हणतात रात्र संपत नाही. संपते, पण दुप्पट वेळाने.

ओळखायची खूण: ब्लॉक फोडल्यावर तो परत येतो, गाई जागच्या जागी घसरतात, दार उघडायला वेळ लागतो. आवृत्ती १.२०.३ पासून '/टिक क्वेरी' मारता येतं. एका टिकला सरासरी किती मिलिसेकंद लागतात ते त्यात कळतं. ५० च्या खाली असेल तर ठीक, वर गेलं की घड्याळ मागे पडणारच, कारण सेकंदात पन्नास-पन्नास मिलिसेकंदांचे वीसच तुकडे बसतात. एकट्याच्या वर्ल्डमध्ये एफ३ दाबल्यावर येणाऱ्या पडद्यावर डावीकडे इंटिग्रेटेड सर्व्हरच्या ओळीत हाच आकडा मिलिसेकंदांत असतो. लॅपटॉपवर एफ३ ने आवाज कमी-जास्त झाला तर एफएन सोबत दाबा.

उपाय कंटाळवाणे आहेत पण लागू पडतात. सिम्युलेशन डिस्टन्स (तुमच्याभोवती किती अंतरापर्यंत गेम चालता ठेवायचा ते) कमी करा, एका कोंडवाड्यात दोनशे कोंबड्या असतील तर कापा, लॅपटॉप चार्जरला लावा. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये कित्येकांचा सूर्य लंगडतो.

सगळंच गोठलं असेल तर

गेमटाइमसुद्धा हलत नसेल आणि प्राणी-पाणी-आग सगळं पुतळ्यासारखं झालं असेल, फक्त तुम्हीच चालू शकत असाल, तर कुणीतरी 'टिक फ्रीझ' मारलंय. '/टिक अनफ्रीझ' ने सुटतं. वेग वाकडा वाटला तर '/टिक रेट २०'.

मित्रांच्या सर्व्हरवर अजून एक गैरसमज होतो. संध्याकाळी सगळे बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी आले, तरी संध्याकाळच. पूर्वी रिकाम्या सर्व्हरवरही दिवस-रात्र चालू राहायची. १.२१.२ पासून सर्व्हर रिकामा झाला की मिनिटभराने झोपी जातो. सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज फाइलमध्ये 'पॉज व्हेन एम्टी सेकंड्स' अशी ओळ असते आणि तिच्यासमोर मुळात ६० असतं. मी म्हणेन ते तसंच राहू द्या. कुणी नसताना सूर्य फिरवून विजेचं बिल कशाला वाढवायचं.

आणि सर्व्हरवर एकट्याने झोपून रात्र जात नसेल तर तो बिघाड नाही. जावामध्ये मुळात ओव्हरवर्ल्डमधल्या, म्हणजे नेहमीच्या जगातल्या, सगळ्यांनी झोपावं लागतं. एक जण खाणीत खोदत बसला की सगळ्यांची रात्र जागी. २०२१ च्या १.१७ पासून 'प्लेअर्स स्लीपिंग पर्सेंटेज' हा गेमरूल आहे. तो १ केला की एकाच्या झोपेवर सगळ्यांची सकाळ होते. हाच आकडा कुणी १०० च्या वर नेऊन ठेवला असेल तर सगळे झोपले तरी रात्र हलणार नाही, तेही बघून घ्या.

आकडा बरोबर, आकाश चूक

आता चित्राकडे. आकडा म्हणतो दुपार, पण डोक्यावर काळोख, किंवा सूर्य-चंद्र दोन्ही गायब. अशा वेळी बाहेर उभा असलेला झॉम्बी बघा. डोक्यावर शिरस्त्राण नसताना उघड्यावर तो जळत असेल तर सर्व्हरच्या लेखी दिवस आहे. झॉम्बी तुमच्या ग्राफिक्स कार्डला विचारून जळत नाही. हातातलं सोन्याचं घड्याळ इथे साक्षीदार म्हणून चालत नाही, ते तुमच्या स्क्रीनलाच कळलेली वेळ दाखवतं. डेलाइट सेन्सर मात्र खरं बोलतो, त्याला रेडस्टोनचा दिवा जोडून बघता येतं. पण तो बनवायला तीन काचा, तीन लाकडी स्लॅब आणि तीन नेदर क्वार्ट्झ लागतात, म्हणजे नेदर (गेममधलं पाताळ) बघून आलेल्यांसाठीच.

दोष स्क्रीनचाच ठरला तर आधी शेडर (प्रकाश-सावल्या बदलणारं ॲड-ऑन) बंद करा, मग रिसोर्स पॅक (गेमची चित्रं बदलणारा पॅक) काढा. ऑप्टिफाइन हा मॉड वापरत असाल तर व्हिडिओ सेटिंगच्या 'डिटेल्स' मध्ये आकाश आणि सूर्य-चंद्र बंद करायच्या कळा आहेत. जुना लॅपटॉप पळवायला कुणीतरी त्या बंद केलेल्या असतात. त्यातच दुसरीकडे 'टाइम' म्हणून एक पर्याय आहे, 'डे ओन्ली' आणि 'नाइट ओन्ली'. तो फक्त क्रिएटिव्ह मोडमध्ये आणि स्वतःच्या वर्ल्डमध्ये लागू होतो, म्हणून सर्व्हायव्हलला गेलं की सगळं नीट आणि क्रिएटिव्हला आलं की बिघाड, असा चक्रावून टाकणारा प्रकार होतो.

सर्व्हरवर फक्त तुम्हालाच रात्र दिसते आणि बाकीच्यांना दिवस, असं असेल तर सर्व्हरवर इसेन्शियल्ससारखं प्लगइन आहे का विचारा. त्यात 'पीटाइम' कमांडने एकेका खेळाडूची वेळ वेगळी ठेवता येते. '/पीटाइम रीसेट' मारलं की तुम्ही परत जगाच्या वेळेत.

नेदर आणि एंड या गेममधल्या दुसऱ्या दोन जगांत दिवस-रात्र नसतेच, तिथे घड्याळाचा काटा वेड्यासारखा फिरतो. ते तसंच असायला हवं. आणि वेळ बघायला म्हणून तिथे पलंगावर झोपू नका. स्फोट होतो.

दुरुस्तीनंतर वेळ जुळवताना

'टाइम सेट डे' सगळे सांगतात, मी टाळतो. जावामध्ये ती कमांड वेळ थेट १,००० वर नेऊन ठेवते, त्यामुळे तुमचा १४३ वा दिवस पुन्हा शून्यावर येतो आणि चंद्राच्या आठ दिवसांच्या कलाही पहिल्यापासून, म्हणजे पौर्णिमेपासून, सुरू होतात. त्याऐवजी पुढे ढकला. डेटाइम १८,००० असेल आणि सकाळ हवी असेल तर '/टाइम ॲड ७०००'. पंचवीस हजारातून चोवीस हजार गेले, सकाळचे सात वाजले, दिवसांचा हिशोब शाबूत.

शेवटचं, आणि हे मला मार खाऊन कळलंय. वर्ल्ड बराच वेळ दिवसावर अडकलेलं असेल तर त्या काळात तुम्हाला झोपता आलेलं नसतं. गेम मात्र तुमच्या जागरणाचे टिक मोजतच असतो. ७२,००० टिक, म्हणजे खेळण्याचा अवघा एक तास झाला की फँटम (जागरण करणाऱ्यांवर उडत हल्ला करणारे राक्षस) यायला तुम्ही पात्र. ते दिवसा येत नाहीत, त्यामुळे काही जाणवत नाही. सायकल सुरू केल्यावर पहिला अंधार पडतो आणि वरून झुंडीने येतात. म्हणून नियम 'ट्रू' करायच्या आधी पलंग हाताशी ठेवा, आणि डेटाइम १२,५४२ च्या पुढे गेला की लगेच आडवे व्हा.